साखळी करवतीची धार आणि वृक्षकामाचा जोडधंदा

कन्नड तालुक्यात बांधावर उभी असलेली कडुलिंब, बाभूळ, चिंच व आंबा ही झाडे शेतकऱ्याची जुनी ठेव होय. औताचे लाकूड, चुलीचे जळण, जनावरांना सावली आणि अडीअडचणीला चार पैसे ही तिन्हीत्रिकाळ त्यांच्यापासून मिळत आली. वादळात उन्मळून पडलेले झाड बाजूला करणे, घरावर झुकलेली फांदी उतरविणे, वठलेले खोड तोडून त्याचे तुकडे करणे, ही कामे पूर्वी कुऱ्हाडीने व दोघांनी ओढावयाच्या करवतीने होत. आता ती पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी करवतीने होतात. गावोगाव काही तरुणांनी हे यंत्र विकत घेऊन जोडधंदा सुरू केला आहे. हा धंदा टिकतो की बुडतो हे यंत्राच्या किमतीपेक्षा साखळीच्या दातावर अधिक अवलंबून असते.

दाताची रचना

सुरुवातीच्या साखळी करवतींचे दात हातकरवतीसारखे असत. ते लाकूड खरवडत. सन १९४६ च्या सुमारास अमेरिकेतील ऑरेगन राज्यातील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने ओंडका पोखरणारी एक अळी बारकाईने पाहिली. तिचे जबडे डावीकडे व उजवीकडे आळीपाळीने लाकूड कुरतडीत असलेले त्यास दिसले. त्यावरून त्याने एक दात डावा, एक उजवा अशी साखळी तयार केली. आजची साखळी त्याच जातीची आहे. तिच्या प्रत्येक दाताला दोन भाग असतात. मागचा धारदार भाग लाकूड कापतो. पुढचा बुटका उंचवटा धारेने लाकडात किती खोल शिरावे हे ठरवितो. या दोहोंचे नाते बिघडले की करवत बिघडली.

बोथट साखळी कशी ओळखावी

धारदार साखळी आडव्या कापात जाड, चौकोनी छिलके टाकते. छिलक्यांऐवजी बारीक भुसा पडू लागला की धार गेली असे समजावे. यंत्र दाबावे लागणे व तेल पुरेसे असूनही कापातून धूर निघणे हीदेखील तीच खूण होय. काप एका बाजूस वळू लागला, तर एका बाजूचे दात आखूड किंवा बोथट झाले आहेत. अशा साखळीने काम रेटल्यास पेट्रोल अधिक जळते, पट्टी झिजते आणि माणूस थकतो. थकलेल्या हातातील करवत हे अपघाताचे मोठे कारण आहे.

धार लावण्याची रीत

प्रथम यंत्र बंद करून ठिणगी-प्लगची टोपी काढावी. ओंडक्यात खाच पाडून तीत पट्टी घट्ट बसवावी. हातमोजे घालावेत. साखळी किंचित ताणून घ्यावी, म्हणजे दात डुलत नाही.

गोल कानस साखळीच्या मापाचीच हवी. लहान यंत्रांवरील हलक्या साखळीस ४ मिलिमीटर, ०.३२५ इंची साखळीस ४.८ मिलिमीटर व ३/८ इंची जाड साखळीस साधारणतः ५.२ मिलिमीटर व्यासाची कानस लागते. लागोपाठच्या तीन रिबिटांमधील एकूण अंतर मोजून त्याचे निम्मे केले की साखळीचे माप मिळते. यंत्राच्या पुस्तिकेतील आकडा निराळा असल्यास तोच प्रमाण मानावा.

कानस दाताच्या आतील बाजूकडून बाहेर, पुढेच ढकलावी. मागे ओढताना ती उचलून घ्यावी. बहुतेक साखळ्यांस ३० अंशांचा कोन चालतो. पुष्कळ दातांच्या माथ्यावर त्यासाठी रेघ कोरलेली असते, तिच्याशी कानस समांतर धरावी. कानशीचा सुमारे पाचवा हिस्सा दाताच्या माथ्यावर राहावा. सर्वांत खराब झालेला दात प्रथम घासून त्याच्या लांबीइतके बाकीचे दात करावेत. एका बाजूचे सर्व दात झाले की दुसरी बाजू घ्यावी. दाताचा कापणारा भाग ४ मिलिमीटरहून कमी उरल्यास साखळी टाकून द्यावी.

दोन-चार वेळा धार लावल्यावर पुढचा उंचवटा मापपट्टीने तपासावा. तो धारेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली असावा. जास्त राहिल्यास सपाट कानशीने उतरवून त्याची पुढची कड गोल करावी. लवकर कापावे या हौसेने पुष्कळजण हा उंचवटा अधिक घासून टाकतात. मग दात लाकडात खोल घुसतो, यंत्र हिसका देते व पट्टीचे टोक कापणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. वेळ वाचविण्याचा हा मार्ग जिवावर बेततो.

पेट्रोल भरताना दर खेपेस प्रत्येक दातावर दोन-तीन हात फिरविणे उत्तम. बांधावरच्या झाडात जुनी तार वा खिळा रुतलेला असतो, बुंध्यास माती लागलेली असते. काप घेण्यापूर्वी झाड फिरून पाहावे व मातीची साल कुऱ्हाडीने तासून काढावी.

धंद्याचा हिशोब

दर ठरविताना केवळ पेट्रोल व मजुरी पाहून चालत नाही. समजा, यंत्र ३०,००० रुपयांस घेतले व ते १,५०० तास चालेल असे धरले, तर दर तासास २० रुपये झीज म्हणून बाजूस ठेवले पाहिजेत. त्यात पेट्रोल, साखळीचे तेल, साखळ्या, कानशी व जोडीदाराची मजुरी मिळवावी. उरते ती कमाई. हा हिशोब वहीत लिहिणाऱ्याला यंत्र मोडल्यावर सावकाराच्या दारी जावे लागत नाही. ज्याचा हात धारेवर बसला, त्यास शेजारच्या गावच्या साखळ्यांना धार लावून देण्याचे कामही मिळू शकते.

परवानगी आणि सुरक्षितता

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, खैर, चंदन अशा १६ जाती आहेत. त्या स्वतःच्या शेतातील असल्या तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीखेरीज तोडता येत नाहीत. नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा निराळा कायदा आहे. फांद्या उतरविण्यास परवानगी लागते की नाही, लाकूड वाहण्यास पास हवा की नाही, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारावे. गौताळा अभयारण्यात करवत घेऊन जाऊच नये. मालकाने ‘कागद नंतर होतील’ असे म्हटले तरी कापणाऱ्याने कागद पाहिल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. कारण चौकशीच्या वेळी झाडाखाली उभा असतो तो कापणाराच.

शिरस्त्राण, डोळ्यांस चष्मा, कानांस आवरण व भक्कम बूट वापरावेत. धोतर, उपरणे यांसारखे सैल कपडे घालू नयेत. खांद्यावर करवत उचलून कापू नये. झाड पाडताना मागे तिरकी पळवाट मोकळी ठेवावी व पाडण्याच्या बाजूची खाच आणि मागचा काप यांमध्ये खोडाच्या व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतके लाकूड शाबूत ठेवावे. तेच बिजागरीसारखे झाडास दिशा देते. वीजवाहिनीजवळची फांदी वीज कंपनीच्या कर्मचाऱ्याने प्रवाह बंद केल्यावरच उतरवावी. एकट्याने काम करू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी अशा कारागिरांस एकत्र बोलावून एक साखळी समोर ठेवावी व प्रत्येकाकडून एकेक दात घासवून घ्यावा. पुस्तकी सूचनांपेक्षा हा एक तास अधिक उपयोगी पडेल. तोडलेल्या झाडामागे दोन रोपे लावून ती जगविण्याचा करार मालकाशी करण्याची सवयही त्याच वेळी रुजवावी. कारण झाडे टिकली तरच हा धंदा टिकणार आहे.