खाडिलकर भगिनी, पोल्गार भगिनी आणि अकरावीचा अर्ज

दहावीचा निकाल लागला की करिअर समुपदेशकांच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं : 'आमच्याकडे सगळे इंजिनिअर, हाच असा कसा निघाला?' पाठोपाठ येणाऱ्या पालकांची काळजी नेमकी उलटी असते. घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, मुलीला मात्र संशोधक व्हायचंय. मुळात रक्तातच नसेल तर तिला ते झेपेल का? दोन्ही घरांना धास्ती एकाच गोष्टीची : स्वभाव जन्माने ठरतो की संस्काराने, आणि आपण कुठे कमी पडलो?

याचं उत्तर शोधायला मुंबईतल्या एका घरात डोकावायला हवं. महिलांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली. पहिलं अजिंक्यपद वासंती खाडिलकर यांनी जिंकलं आणि पुढची कितीतरी वर्षं ते जयश्री आणि रोहिणी या त्यांच्या बहिणींनी गाजवलं. रोहिणी १९८१ मध्ये आशियाई विजेत्या झाल्या. वडील नीळकंठ खाडिलकर 'नवाकाळ'चे संपादक, तर पणजोबा म्हणजे ते दैनिक १९२३ मध्ये काढणारे नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. पुढे जयश्री 'नवाकाळ'च्या संपादक झाल्या. रोहिणींनी जर्मनीत मुद्रणाचं शिक्षण घेतलं आणि 'संध्याकाळ' हे वृत्तपत्र सांभाळलं. आता यातलं रक्तातून किती आलं आणि घरातल्या शाईच्या वासातून किती? सांगता येणार नाही. आईवडील मुलांना जनुकं देतात आणि घरही तेच देतात. एकच घर पाहून दोन्हींचे वाटे वेगळे काढता येत नाहीत.

म्हणून शास्त्रज्ञ जुळ्यांकडे वळले. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या थॉमस बुशार्ड यांनी १९७९ पासून, जन्मानंतर ताटातूट होऊन वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास केला. २०१५ मध्ये तर पन्नास वर्षांतल्या जुळ्यांवरच्या संशोधनाचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. जवळपास १ कोटी ४५ लाख जोड्यांची माहिती त्यात होती. माणसामाणसांतल्या फरकांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा सरासरी ४९ टक्के निघाला.

हा आकडा वाचून पुष्कळ जण फसतात. एखाद्या मुलाचा अर्धा स्वभाव आईवडिलांकडून आला आणि अर्धा शाळेत घडला, असा त्याचा अर्थ नाही. तो समूहातल्या फरकांबद्दल बोलतो, समोर बसलेल्या एका मुलाबद्दल नाही. परिस्थिती बदलली तर तो आकडाही बदलू शकतो. याच संशोधनाचं दुसरं अंग पालकांनी आवर्जून समजून घ्यावं. एका छताखाली वाढल्यामुळे सख्ख्या भावंडांचे स्वभाव आपल्याला वाटतं तितके सारखे होत नाहीत. प्रत्येकाला भेटलेली माणसं वेगळी, आजारपणं वेगळी, वर्गातला अनुभव वेगळा.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण हंगेरीतलं आहे. बुडापेस्टच्या लास्लो पोल्गार यांचं ठाम मत होतं की असामान्य माणसं जन्मत नाहीत, घडवली जातात. त्यांनी आणि पत्नी क्लारा यांनी तिन्ही मुलींना शाळेत न घालता घरीच शिकवलं. पण सुरुवात कशी झाली तेही पाहावं. थोरल्या झुझाच्या हाती लहानपणी घरातला बुद्धिबळाचा संच लागला आणि ती त्यातच रमली. चौथ्या वर्षी तिने शहरातली अकरा वर्षांखालील मुलींची स्पर्धा दहापैकी दहा डाव जिंकून मारली. धाकटी युदित १९९१ मध्ये, पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली आणि पुढे पुरुषांसह जागतिक क्रमवारीत आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. झुझाही ग्रँडमास्टर झाली, शिवाय महिलांची जगज्जेतीही. मधली झोफिया इंटरनॅशनल मास्टर झाली, पण पुढे ती चित्रकलेकडे आणि डिझाईनकडे वळली. घर तेच, गुरू तेच, सरावही तोच. वडिलांच्या मेहनतीने तिघी बुद्धिबळात खूप पुढे गेल्या, यात शंका नाही. पण तिघींची आयुष्यं एकसारखी काही झाली नाहीत.

पालकांच्या याच घालमेलीवर एक बाजार उभा राहिला आहे. मुलाची दहाही बोटं स्कॅनरवर दाबायची आणि काही दिवसांनी रंगीत आलेखांची जाडजूड फाईल घरी आणायची. 'जन्मजात' बुद्धिमत्ता अमुक, म्हणून करिअर तमुक! ही डीएमआयटी चाचणी. बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता किंवा कल सांगण्याला शास्त्रीय आधार नाही, असं इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने स्पष्ट सांगितलं आहे. या चाचणीवर पैसे घालू नयेत. प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञाकडून घेतलेली अभियोग्यता चाचणी जरूर उपयोगी पडते, पण तीही दिशा दाखवते, निकाल देत नाही.

अबोल मुलगा वकील होणार नाही किंवा बडबडी मुलगी प्रयोगशाळेत टिकणार नाही, हे कुठल्याही जनुकात लिहिलेलं नाही. एकाच व्यवसायात नाना तऱ्हेची कामं असतात. कोर्टात युक्तिवाद करणारा वकील असतो, तसा दिवसभर करारांचे मसुदे तपासणाराही असतो. म्हणून पालकांनी दोन गोष्टी कराव्यात. कुणी न सांगता मूल तासन्‌तास कशात रमतं, ते वर्षभर पाहावं. आणि अकरावीचा अर्ज भरण्याआधी त्याला ज्या कामाची ओढ आहे, ते काम करणाऱ्या माणसाबरोबर निदान चार दिवस बसू द्यावं.