पाकटाची पिल्ले

शीळफाट्यावरून समुद्र दिसत नाही. मुंब्रा, कल्याण, महापे आणि पनवेल या बाजूंचे रस्ते येथे एकत्र येतात आणि रात्रंदिवस वाहनांची वर्दळ चालू असते. तरी समुद्राचे मासे या परिसरातील बाजारांत मिळतातच. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावर आणि ससून गोदीत उतरलेली मासळी बर्फात घालून दूरदूर पाठवली जाते. बोंबील, बांगडे, सुरमई हे मासे सर्वांच्या ओळखीचे आहेत. त्यांच्या शेजारी कधी कधी एक वेगळाच मासा ठेवलेला असतो. तो थाळीसारखा चपटा असतो. त्याच्या कडा पंखांसारख्या पसरलेल्या असतात आणि शेपटी चाबकासारखी लांब असते. शेपटीवर विषारी काटा असतो. कोळी तो आधीच तोडून टाकतात. या माशाला मराठीत पाकट म्हणतात.

पाकट आणि मुशी, म्हणजे शार्क, हे एकाच गटातले मासे आहेत. त्यांच्या शरीरात हाडे नसतात. हाडांच्या जागी कूर्चा असते. आपल्या कानाचा वरचा भाग वाकवून पाहा. तो वाकतो, पण मोडत नाही. तो कूर्चेचा बनलेला आहे.

सुरमईचे पोट चिरले की कधी कधी आत गाबोळी सापडते. गाबोळी म्हणजे अंड्यांचा पुंजका. त्यात लाखो अंडी असतात. मादी ती पाण्यात सोडते, त्यांचे फलन पाण्यातच होते आणि मग आईबापांचा त्यांच्याशी काही संबंध राहत नाही. बहुतेक अंडी आणि पिल्ले दुसऱ्यांच्या पोटात जातात. पाकटाच्या पोटात अशी गाबोळी मिळत नाही. मादी गाभण असेल, तर आत दोन-चार पिल्ले मिळतात. अगदी आईसारखी, पंख गुंडाळून घेतलेली. "माशाच्या पोटात पिल्ले?" असे विचारणारी मोठी माणसेही भेटतात.

कूर्चेच्या माशांत फलन मादीच्या शरीरातच होते. नराच्या पोटाखाली, शेपटीच्या मुळाशी, बोटांसारखे दोन अवयव असतात. मादीला ते नसतात. त्यामुळे टोपलीतला पाकट नर आहे की मादी, हे पाहताक्षणीच सांगता येते. सुरमईच्या बाबतीत बाहेरून काहीच कळत नाही.

पिल्लांची पुढची वाढ मात्र सर्वांत सारखी होत नाही. बांबू शार्क ही छोटी मुशी अंडी घालते. तिच्या अंड्याचे कवच चिवट आणि तपकिरी असते. ते लहानशा पाकिटासारखे दिसते. (गंमत अशी, की पाकीट घालतो तो पाकट नव्हे!) पाकटाची मादी अंडी पोटातच ठेवते. पिल्लू आधी अंड्यातला बलक खाऊन वाढते. बलक संपत आला, की गर्भाशयाच्या आतल्या बाजूला असलेल्या धाग्यांसारख्या असंख्य बारीक भागांतून एक पौष्टिक द्रव पाझरू लागतो. शास्त्रज्ञ त्याला गर्भाशयातले दूध म्हणतात. हे गाईम्हशीचे दूध नव्हे, पण पिल्लाचे पोषण त्यावरच होते.

सर्वांत नवलाची आहे ती आपल्या किनाऱ्यावरची लहान मुशी. तिचे शास्त्रीय नाव स्कोलिओडॉन. पूर्वी महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे विद्यार्थी हीच मुशी चिरून अभ्यास करीत. तिचे अंडे जेमतेम एक मिलिमीटरचे असते. एवढ्याशा अंड्यात बलक तो किती असणार? म्हणून पिल्लू नाळेने आईशी जोडलेले असते आणि आईच्या रक्तातून त्याला अन्न मिळते. माणसाच्या बाळासारखेच हे झाले! मादीला एका वेळी साधारण सहा ते अठरा पिल्ले होतात. जन्मते वेळी पिल्लू आपल्या वितीपेक्षा थोडे लहान असते.

मुंबईच्या पाण्यातील या माशांचा अभ्यास मुंबईतच झाला. मत्स्यव्यवसाय खात्यातील एस. बी. सेटना आणि पी. एन. सारंगधर यांनी १९४० नंतरच्या दशकात मुशी, करवतमासा इत्यादींची पिल्ले आईच्या पोटात कशी वाढतात, हे तपासून लिहून ठेवले. आजचे संशोधकही त्यांचे लेख वाचतात.

आता हिशेब करून पाहा. लाखो अंडी घालणाऱ्या माशाची एक मादी पकडली, तर इतर माद्या ती उणीव लवकर भरून काढतात. पाकटाची गाभण मादी जाळ्यात आली, तर ती पिल्लांसह जाते. पुष्कळदा ती धडपडीत होडीवरच पिल्ले टाकते. दिवस पूर्ण भरलेले नसतील, तर ती पिल्ले जगत नाहीत. जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. पावसाळ्यात अंडी घालणाऱ्या माशांना तिचा फार उपयोग होतो. पण स्कोलिओडॉन मुशीच्या पोटात वर्षभर केव्हाही पिल्ले सापडतात. तिला दोन महिने पुरत नाहीत. २०२१ मध्ये जगभरच्या शास्त्रज्ञांनी मुशी आणि पाकट यांच्या सर्व जातींचा आढावा घेतला. त्यांतील सुमारे एक तृतीयांश जाती धोक्यात आल्याचे त्यांना आढळले.

सर्वांत वाईट अवस्था करवतमाशाची आहे. त्याच्या तोंडापुढे दातेरी करवत असते. पिल्लू जन्मते तेव्हा या करवतीवर मऊ आवरण असते, म्हणून आईला इजा होत नाही. भारतात २००१ पासून कायद्याने या माशाला संरक्षण दिले आहे. सेटना आणि सारंगधर यांनी त्याची पिल्ले तपासली, तेव्हा तो मुंबईच्या कोळ्यांना माहीत असलेला मासा होता. आज तो एखाद्या जाळ्यात आलाच, तर वर्तमानपत्रात बातमी छापून येते.