अल्गोल ६० : परिपत्रक, बैठक आणि दूरध्वनी

संगणकभाषेचे नियम कोठे ठरावेत, हा प्रश्न अल्गोलच्या इतिहासात ठळकपणे दिसतो. १९५९ पासून पीटर नाउर कोपनहेगनहून ‘अल्गोल बुलेटिन’ काढीत. दूरदूरच्या अभ्यासकांच्या सूचना त्यात छापल्या जात व त्यांची नोंद राही. जानेवारी १९६० मध्ये पॅरिस येथे १३ सदस्यांची बैठक भरली. आज्ञावलीतील एखादा विधी स्वतःलाच पुन्हा पाचारण करणार असल्यास तसे वेगळ्या शब्दाने घोषित करावे, ही सूचना तीत फेटाळली गेली; पाचारण मुळात वैध की अवैध, हे मात्र संदिग्धच राहिले. फेब्रुवारीत ॲम्स्टरडॅमहून व्हान वाइनगार्डन यांनी नाउर यांना दूरध्वनी केला, अहवालात एक वाक्य वाढले आणि ते वैध ठरले. बाउअर यांनी यास ‘ॲम्स्टरडॅमचा कट’ म्हटले. शब्द जरा जड आहे. भाषेला तर त्या वाक्याने बळच आले. परंतु ते आधी बुलेटिनात चर्चेस आले नव्हते, हा आक्षेप उरतोच.