घरच्या धन्यावर भुंकणारा कुत्रा

वस्तीवर राहणाऱ्या शेतकऱ्याचा कुत्रा हा बिनपगारी राखणदार होय. रात्री गोठ्याजवळ परका माणूस आला, उभ्या पिकात रानडुकरे शिरली किंवा उसाच्या फडातून बिबट्या बाहेर पडला, तर त्याची पहिली वर्दी कुत्र्याच्या भुंकण्यातूनच मिळते. परंतु हाच कुत्रा दिवसातून दहा वेळा आपल्याच धन्यावर भुंकू लागला म्हणजे घरातील माणसे त्याच्या आवाजाकडे लक्ष देईनाशी होतात. मग ज्या रात्री भुंकण्याला खरा अर्थ असतो, त्या रात्रीही कोणी अंथरुणातून उठत नाही. सबब ही खोड केवळ कटकटीची बाब समजून चालत नाही.

अशा कुत्र्याविषयी ‘तो माजला’ किंवा ‘त्याला धनी ओळखू येईना’ असे म्हटले जाते आणि बहुधा काठी उचलली जाते. वस्तुतः कुत्रा विनाकारण भुंकत नाही. तो केव्हा भुंकतो, कोणावर भुंकतो आणि भुंकल्यानंतर त्याला काय मिळते, या तीन गोष्टी चार-आठ दिवस नीट पाहिल्या की कारण पुष्कळदा घरातच सापडते.

ओळख न पटणे

कुत्रा माणसाला मुख्यतः वासाने व आवाजाने ओळखतो. अंधुक उजेडातील हालचाल त्याला माणसापेक्षा चांगली दिसते. पण लांबवरच्या चेहऱ्याचा बारकावा त्याला आपल्याइतका स्पष्ट दिसत नाही. आता कपाशीवर औषध फवारून तिन्हीसांजेला परतणारा शेतकरी डोळ्यांपुढे आणावा. तोंडाला फडके बांधलेले, पाठीवर पंप, कपड्यांना औषधाचा उग्र दर्प. त्यातून वारा कुत्र्याकडून धन्याकडे वाहत असेल तर धन्याचा वास त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. पावसात डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेल्या किंवा हेल्मेट घालून आलेल्या माणसाचेही तसेच होते. अशा वेळी कुत्रा भुंकला तर त्याने आपले काम चोख केले असेच म्हटले पाहिजे. त्याला मारणे म्हणजे पहारेकऱ्याला पहारा केल्याबद्दल शिक्षा देणे होय. धन्याने वस्तीच्या अलीकडूनच नेहमीच्या आवाजात नावाने हाक मारावी व तोंडावरचे फडके काढावे, म्हणजे बहुतेक वेळा शेपटी हलू लागते. फवारणीचे कपडे मात्र कुत्र्याला चाटू देऊ नयेत. ते उतरवून, हातपाय धुऊनच त्याला जवळ घ्यावे. लेकरांच्या बाबतीतही हेच पथ्य पाळलेले बरे.

भाकरीने शिकविलेले भुंकणे

सर्वांत अधिक आढळणारा प्रकार हा होय. घरधनीण चुलीपाशी भाकरी थापीत असते. कुत्रा दारात उभा राहून तिच्याकडे पाहून भुंकतो. कामात व्यत्यय नको म्हणून ती चतकोर तुकडा फेकते आणि कुत्रा गप्प होतो. घरधनिणीला वाटते, कुत्र्याला गप्प केले. कुत्र्याला कळते, भुंकले की भाकरी मिळते. ज्या कृतीनंतर समाधान लाभते ती कृती प्राणी पुन्हा करतो, हे थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली मांजरांवरील प्रयोगांतून दाखविले होते. चुलीपुढचा कुत्रा याहून निराळा नाही. पुष्कळदा तर भाकरीचीही गरज नसते. दिवसभर एकट्या पडलेल्या कुत्र्याला ‘गप बस’ म्हणून ओरडणारा धनी हाही लाभच वाटतो, कारण निदान त्याने आपल्याकडे पाहिले.

यावर उपाय सोपा आहे, पण तो नेटाने करावा लागतो. खाण्याच्या दोन वेळा ठरवाव्यात. ठरलेल्या जागी, ठरलेल्या भांड्यात अन्न द्यावे. चुलीपाशी तुकडा कधीही टाकू नये. कुत्रा भुंकू लागला की पाठ फिरवावी. बोलू नये, पाहू नये, दगड उगारू नये. तो थांबल्यावर मनात पाच आकडे मोजावेत आणि मगच भांडे खाली ठेवावे. पुढे पाचाचे दहा, दहाचे वीस करावेत. खाली बसल्यावरच भांडे मिळते असा परिपाठ ठेवला तर आणखी चांगले, कारण बसलेला व वाट पाहणारा कुत्रा सहसा भुंकत नाही.

येथे एक धोक्याची जागा आहे व बहुतेक घरे तेथेच हरतात. पहिले काही दिवस भुंकणे कमी न होता उलट वाढते. आजवर ज्या युक्तीने भाकरी मिळाली ती आता चालेना, म्हणून कुत्रा तीच युक्ती अधिक जोराने करून पाहतो. चौथ्या दिवशी कंटाळून कोणी तुकडा टाकला तर कुत्रा एवढेच शिकतो की थोडे भुंकून भागत नाही, पुष्कळ भुंकावे लागते. म्हणून घरातील सर्वांनी एकच रीत पाळली पाहिजे. धनी कितीही कडक असला तरी आजीबाई पदराआडून तुकडा देत असतील तर सारी मेहनत पाण्यात जाते. कधी मिळते व कधी मिळत नाही अशी स्थिती असली म्हणजे खोड अधिकच घट्ट होते.

भीती आणि साखळी

घरातील एकाच माणसावर कुत्रा भुंकत असेल तर त्या माणसाचे वागणे तपासावे. शेपटी पायांत, कान मागे, भुंकता भुंकता पाय मागे सरकणारे, असा कुत्रा भ्यालेला असतो. त्याला काठीने गप्प करता येते, पण भीती आतच राहते. आणि गुरगुरण्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढे न गुरगुरता चावू शकतो. ज्याचे भय वाटते त्या माणसानेच रोजचे अन्न द्यावे. डोळ्याला डोळा न लावता, आडवे तोंड करून थोडे दूर बसावे आणि कुत्र्याला आपल्या मर्जीने जवळ येऊ द्यावे. यास काही आठवडे लागतात. पिलू तीन ते बारा-चौदा आठवड्यांचे असतानाच त्याला माणसे, बैल, ट्रॅक्टर यांची ओळख करून दिली तर हा प्रसंग सहसा येत नाही.

हातभर साखळीला दिवसरात्र बांधलेला कुत्रा धनी दिसताच सुटकेसाठी भुंकतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे अवास्तव आखूड किंवा जड साखळीने दीर्घकाळ बांधून ठेवणे, तसेच नेहमी बांधलेल्या कुत्र्याला हिंडण्या-फिरण्याची संधी न देणे हा गुन्हा आहे. सकाळ-संध्याकाळ त्याला शेतावर फिरवून आणावे. दोन झाडांमध्ये तार ओढून तीत कडी अडकवली व कडीला दोर बांधला तर बांधलेल्या वेळीही त्याला येरझारा घालता येतात. सोडताना तो गप्प होईपर्यंत थांबावे. जुन्नर, अकोले यांसारख्या बिबट्याच्या वावराच्या भागात रात्री कुत्रा उघड्यावर बांधू नये. बिबटे तेथे कुत्र्यांची शिकार करतात आणि बांधलेल्या जनावराला पळता येत नाही. त्याला बंदिस्त जागेत ठेवावे.

आजार

म्हाताऱ्या कुत्र्याला मोतीबिंदू होतो, ऐकू कमी येते; धनी अचानक पुढे उभा राहिला की तो दचकून भुंकतो. कानात गोचीड किंवा पू झालेला कुत्रा डोक्यावर हात येताच ओरडतो. यांना शिस्तीची नव्हे, पशुवैद्यकीय दवाखान्याची गरज असते.

मात्र आजवर शांत असलेला कुत्रा एकाएकी घरच्या माणसांवर धावू लागला, त्याचा आवाज घोगरा व ओढल्यासारखा झाला, लाळ गळू लागली, पाणी गिळता येईना, लाकूड-दगड चावू लागला किंवा अंधारात दडून बसला, तर पिसाळी रोगाचा संशय धरावा. काही कुत्रे यात मुळीच आक्रमक होत नाहीत. खालचा जबडा लोंबतो व ते सुस्त पडून राहतात. घशात हाड अडकले असावे असे समजून तोंडात हात घालणे हे अशा वेळी अत्यंत घातक ठरते, कारण रोगाचे विषाणू लाळेतच असतात. कुत्र्याच्या जवळ न जाता, शक्य असल्यास त्याला बाहेरून कोंडावे, मुलांना दूर ठेवावे व पशुवैद्यकास त्वरित कळवावे. रोगट कुत्रा लक्षणे दिसू लागल्यापासून साधारणतः दहा दिवसांच्या आत मरतो.

माणसाला चावा किंवा ओरखडा बसला, अथवा जखमेला लाळ लागली, तर ती जागा लगेच साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी. चुना, हळद, तिखट काहीही भरू नये. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी. कुत्र्याचे काय होते ते पाहण्यासाठी थांबू नये. माणसात लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग बहुधा प्राण घेऊनच जातो. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात या जुन्या भीतीने कित्येक जण अजूनही टाळाटाळ करतात. ती लस भारतात केव्हाच बंद झाली असून आता दंडावर मोजकीच इंजेक्शने दिली जातात. डॉक्टर जे दिवस सांगतील त्यांतील एकही चुकवू नये. कुत्र्याला पहिली लस तीन महिन्यांच्या वयात टोचून घ्यावी, पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दर वर्षी द्यावी आणि टोचल्याची तारीख लिहिलेला कागद घरात जपून ठेवावा.