मोगऱ्याचा सौम्य सुवास

सुगंधाचे वर्णन करणे मोठे अवघड काम आहे. रंगांना स्वतःची नावे आहेत, स्वरांना आहेत. वासाला मात्र आपण बहुधा ज्या वस्तूचा तो वास, तिचेच नाव देतो. तथापि मराठी भाषा या बाबतीत अगदीच दरिद्री नाही. दरवळ, घमघमाट आणि दर्प हे शब्द एकाच अर्थाचे नव्हेत. दरवळ हलकेच आपल्यापर्यंत येतो, घमघमाट आपल्याला गाठतो आणि दर्प सहन करावा लागतो. दर्प म्हणजे संस्कृतात गर्व. गंध गर्विष्ठ झाला की त्याला दर्प म्हणावे, ही योजना आम्हांस फार मार्मिक वाटते.

या शब्दांकडे आमचे लक्ष वळले ते वर्गातील एका प्रसंगामुळे. गतवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर, निबंधाच्या तासाला, आम्ही ओल्या रुमालातून मोगऱ्याची फुले नेली होती; सोबत 'मोगरा' असे लिहिलेली, बाजारातून आणलेली एक कुपी. मुलांनी डोळे मिटून दोन्ही वास घ्यावेत आणि खरा मोगरा पहिला की दुसरा ते सांगावे, एवढेच काम. निम्म्याहून अधिक वर्गाने कुपीला कौल दिला. एक मुलगी तर म्हणाली, "बाई, फुलांना मोगऱ्याचा वास कमी येतो!" वर्ग हसला, आम्हीही हसलो, परंतु घरी जाताना ते वाक्य मनात सलत राहिले. आमच्या कोंकणी घरांतून जायांची फाती गुंफणारे हात अजून आहेत, आणि त्याच घरांतील मुलांच्या नाकाला कुपी अधिक ओळखीची व्हावी ना!

नंतर विचार करता ध्यानात आले की, चूक आमचीही होती. सकाळी अकरा ही मोगऱ्याची वेळच नव्हे. त्याची कळी सायंकाळी उमलते, गंध रात्री भरास येतो व सकाळनंतर ओसरू लागतो. शुभ्र सुवासिक फुलांपैकी पुष्कळांचा क्रम असाच आहे. काळोखात रंगाचा उपयोग तो काय? निशाचर पतंगांना बोलावण्यासाठी गंध आणि अंधुक उजेडातही दिसणारा पांढरेपणा, ही दोन साधने या फुलांपाशी असतात. जुन्या लोकांचे निरीक्षणही पाहा. अमरकोशात मल्लिकेला, म्हणजे मोगऱ्याला, 'शीतभीरु' असे एक नाव आहे. थंडीला भिणारी ती ऊन तापू लागले की फुलते. एका शब्दात ऋतू सांगून टाकला!

आता हा सुवास 'सौम्य' का वाटतो, ते पाहू. सौम्य म्हणजे त्यात उग्र काहीच नाही, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती निराळी आहे. मोगरा व जाई यांच्या गंधात अनेक द्रव्ये असतात. बेंझिल ॲसिटेट हे पिकल्या फळासारखा गोड वास देते, लिनॅलूल ताजेपणा आणते. आणि त्यांच्या जोडीला इंडोल नावाचे एक द्रव्य अल्प प्रमाणात असते. जाईच्या तेलात ते असल्याचे आल्बर्ट हेस या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1899 च्या सुमारास दाखविले. हे इंडोल निव्वळ हुंगले तर शेणाची किंवा डांबराच्या गोळ्यांची आठवण व्हावी! पण तेच अत्यल्प असले की गंधाला देह येतो. ते अगदी काढून टाकले तर उरतो तो पातळ, साबणासारखा गोडवा. म्हणजे सौम्यपणा हा प्रमाणाचा गुण झाला. स्वस्त कुपीत बहुधा एकदोन गोड द्रव्येच मोठ्या मात्रेत असतात. म्हणून ती पहिल्या क्षणी फुलावर मात करते, आणि तासाभरानेही तोच एक सूर लावून बसते.

फुलाचा गंध साठविणे सोपे नाही. उकळत्या पाण्याच्या वाफेने जाईचा नाजूक गंध बिघडतो. फ्रान्समधील ग्रास या गावी म्हणून पूर्वी जाईची फुले चरबीच्या थरावर पसरीत. तोडल्यावरही ती कित्येक तास गंध सोडीत राहतात आणि चरबी तो शोषून घेते. आपल्याकडे हेच काम तिळांनी केले. तीळ व फुले यांचे थर लावायचे, फुले बदलीत राहायचे, मग तीळ घाण्यात घालायचे, की चमेलीचे तेल तयार. कनोजचे अत्तरवाले मोगरा तांब्याच्या डेगेत घालतात. वाफ नळीवाटे भपक्यात जाते व तेथील चंदनाच्या तेलात मुरते. चंदन सावकाश उडते, म्हणून ते चंचल मोगऱ्याला धरून ठेवते. एक किलो शुद्ध अर्कासाठी जाईची सहाशे-सातशे किलो फुले लागतात, हे कळले म्हणजे स्वस्त कुपीबद्दल फार अपेक्षा ठेवू नये, हेही कळते.

पुढे स्नेहसंमेलनाच्या तालमी संध्याकाळी चालत, तेव्हा तीच परीक्षा आम्ही पुन्हा घेतली. या वेळी कळ्या नुकत्या उकलू लागल्या होत्या. ती मुलगी बराच वेळ हुंगत राहिली आणि म्हणाली, "बाई, हा वास अजून हिरवा आहे." पाच कळ्या तिने घरी नेल्या. दुसऱ्या दिवशी तिने वहीत लिहून आणले होते: सात वाजता हिरवा, नऊ वाजता गोड, अकरा वाजता आईने वाटी खोलीबाहेर नेऊन ठेवली.