गुलाबाचं फळ पेरलं तर...

प्रश्न : ऑक्टोबरच्या छाटणीनंतर गच्चीवरच्या लाल गुलाबाला चांगला बहर आला. एक सुकलेलं फूल काढायचं राहून गेलं, तर तिथे बोराएवढं हिरवं फळ धरलंय. त्यातलं बी पेरलं तर तसाच गुलाब येईल का? घरी नवी जात तयार करता येते का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : तसाच येणार नाही. लाल येईल, फिका गुलाबी येईल, पाच पाकळ्यांचा एकेरीसुद्धा येईल. एका फळातली दोन रोपंही सारखी निघत नाहीत. १८६७ च्या 'ला फ्रान्स'पासून हायब्रिड टी गुलाबांत चिनी आणि युरोपी कुळांची इतकी सरमिसळ झाली आहे, की दर बियाला पत्ते नव्याने पिसले जातात. म्हणून तर नर्सरीवाले बी पेरत नाहीत, जंगली खुंटावर डोळा भरतात. जगभरातली 'पीस' या गुलाबाची झाडं फ्रान्सच्या मेयाँ यांच्याकडल्या एकाच रोपाची वंशावळ आहे.

नवी जात मात्र घरी नक्की होते. डॉ. बी. पी. पाल पेशाने गव्हाचे पैदासकार, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक. गुलाब हा त्यांचा छंद. 'दिल्ली प्रिन्सेस' आणि 'डॉ. होमी भाभा' त्यांचेच.

तुमचं झाड आपणहून फळ धरतंय, म्हणजे आई म्हणून ते उत्तम. (भरगच्च पाकळ्यांचे कित्येक देखणे गुलाब फळच धरत नाहीत.) बाप म्हणून निरोगी, चकचकीत पानांचा गुलाब निवडा, फुलावर भाळू नका. डिसेंबर-जानेवारीत, कळीला रंग दिसतोय पण ती अजून घट्ट आहे, अशा वेळी सगळ्या पाकळ्या मुळापासून काढा. तुकडा राहिला तर कुजतो. मग चिमट्याने पिवळे पुंकेसर फुटायच्या आत एकूण एक खुडा आणि उरलेल्या स्त्रीकेसरांवर कागदी पिशवी बांधा. प्लास्टिकची नको, उन्हात आत सगळं उकडतं. बापाचे पुंकेसर वाटीत सावलीत ठेवले की दिवसभरात हळदीसारखी धूळ सुटते. दुसऱ्या दिवशी कुक्षी चिकट झाली की ती धूळ बोटाने लावा, पिशवी पुन्हा बांधा आणि आई-बापाची नावं लिहिलेली चिठ्ठी देठाला अडकवा. साधलं तर फुलाखालचा भाग फुगतो, नाहीतर पिवळा पडून गळतो.

फळ पिकायला साधारण चार महिने लागतात. ते नारिंगी झालं की बी काढा, पण भर उन्हाळ्यात पेरू नका. ऑगस्टमध्ये ओल्या टिश्यू पेपरात गुंडाळून दोन महिने फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवा, पाऊस ओसरला की पेरा. निम्मंअधिक बी उगवत नाही, आणि उरलेलंही आपल्या सवडीने वर येतं.

खरी कसोटी यानंतर. रोप वीतभर होण्याआधीच पहिलं फूल येतं; लहान, विरळ पाकळ्यांचं. त्यावरून झाड जोखू नका आणि रोपांवर औषधही फवारू नका. भुरी, काळे ठिपके येऊ द्या. ज्यांना आले ती उपटा. जिवावर येतं, पण फवारणीने सांभाळलेलं कमकुवत रोप पुढे जन्मभर फवारणीच मागतं. नर्सरीच्या झाडाचा जोम पुष्कळदा खालच्या खुंटाचा असतो, तेव्हा तुमच्या रोपाला त्याच्याच मुळांवर दोन पावसाळे काढू द्या. त्यातून जे टिकेल, त्याचाच डोळा भरा.

चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई उन्हात उडते, आणि आई-बापाची नावं गेली की चांगला निघालेला संकर पुन्हा करता येत नाही.