परसातले पाणी

मुलांनो, घराच्या मागील दारी जी मोकळी जागा असते, तिला आपण परस किंवा परसदार म्हणतो. पुढच्या अंगणात तुळशीवृंदावन असते, सडा-रांगोळी असते, आल्यागेल्याचे स्वागत असते; परसात मात्र घराचा नित्याचा संसार चालतो. तेथे मोरीचे पाणी जाते, तेथे चुलीतील राख पडते, तेथेच भाजी निवडली जाते आणि तेथेच एखादी लिंबोणी वर्षानुवर्षे घरातील माणसांना फळे देत उभी असते. या जागेत थोडी भाजी, चार फुलझाडे व दोन फळझाडे विचारपूर्वक लावली, की तिची परसबाग होते. 'विचारपूर्वक' हा शब्द मी मुद्दाम योजिला आहे. तो विचार कोणता, हे मी एका दुष्काळात शिकलो. त्या वेळी मी तुमच्याच वयाचा होतो.

आपला खानदेश हा तापी, गिरणा, पांझरा या नद्यांचा प्रदेश. येथील काळी जमीन कसदार आहे. केळी आणि कापूस यांनी या भूमीला नाव मिळवून दिले. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु येथला उन्हाळा मोठा कठोर. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा कधी कधी पंचेचाळीस अंशांच्याही वर चढतो. पाऊस जळगावकडे वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर, तर धुळ्याच्या कोरड्या भागात त्याहूनही कमी पडतो. आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. उरलेले आठ महिने झाडांनी कशावर जगायचे? खानदेशात बाग करू इच्छिणाऱ्याने हा प्रश्न प्रथम स्वतःस विचारला पाहिजे.

आमचे घर पांझरेच्या खोऱ्यातील एका खेड्यात होते. घर धाब्याचे, भिंती मातीच्या. परसात आजीच्या हातची एक लिंबोणी, कुंपणालगत शेवगा, दारापाशी तुळस, न्हाणीच्या भिंतीजवळ मोगरा. आणि अगदी दूरच्या कोपऱ्यात मी स्वतः लावलेले पेरूचे रोप होते. त्याला दोन पावसाळे झाले होते. शाळेतून आल्यावर मी त्याची नवी पाने मोजीत असे.

१९७२ साली पावसाने दगा दिला. महाराष्ट्राच्या फार मोठ्या भागावर दुष्काळ पसरला. शेतात काही पिकले नाही. गावातील माणसे खडी फोडण्याच्या कामावर जाऊ लागली. घरोघरी परदेशातून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी होऊ लागल्या. फाल्गुनात आमच्या आडाने तळ दाखविला. चैत्रापासून आई पहाटे उठून दूरच्या विहिरीवर जाई आणि तासन्‌तास थांबून दोन घागरी पाणी आणी.

एके दिवशी दुपारी मी परसात गेलो, तो माझ्या पेरूची पाने माना टाकून लोंबत होती. मला राहवले नाही. घरात कोणी नाही असे पाहून मी पिण्याच्या पाण्याची कळशी उचलली आणि सगळीच्या सगळी त्या रोपाला घातली. भर उन्हात जमिनीने ते पाणी घटाघटा गिळले. मला वाटले, रोपाची तहान भागली.

आई कामावरून परतली. तिने कळशी उचलली, ती हलकी लागली. तिने माझ्याकडे पाहिले, पण ती काही बोलली नाही. पदर डोक्यावर घेऊन ती पुन्हा विहिरीची वाट चालू लागली. तिने मला दोन चपराका दिल्या असत्या, तर मला इतके वाईट वाटले नसते.

आजीने मात्र मला हाताला धरून पेरूपाशी नेले. तिने खुरप्याने आळ्यातील माती उकरली. वरची चार बोटे माती ओली होती; त्याखाली मुळांपाशी ती कोरडी ठणठणीत होती. शेजारीच जमिनीला मनगट जाईल एवढी भेग पडली होती. बरेचसे पाणी त्या भेगेवाटे भलतीकडेच निघून गेले होते. आजीची बोली अहिराणी होती, तिचे म्हणणे पुस्तकी भाषेत सांगायचे तर असे होते : "बापू, तू पाणी ओतलेस, पण झाडाला ते मिळाले नाही. झाडावर माया कर. पण ती करण्याआधी घरात पाणी किती आहे ते मोज."

मग तिने मला खरोखरच पाणी मोजावयास लावले. धान्य व भाजी धुतलेले, हात-पाय धुतलेले, राखेने घासलेली भांडी विसळलेले, असे सारे पाणी आम्ही दिवसभर एका बादलीत साठविले. संध्याकाळपर्यंत दोन बादल्या भरल्या. आजी म्हणाली, "हे आपल्या परसाचे धन. पिण्याच्या पाण्याला हात लावायचा नाही. आता सांग, यावर किती झाडे जगतील?"

आम्ही हिशेब केला. तुळशीला पूजेचे तांब्याभर पाणी पुरेल. शेवगा काटक, त्याला अर्धी बादली पुष्कळ झाली. लिंबोणीला दीड बादली हवी. मोगऱ्यासाठी काही उरत नव्हते. पेरूसाठीही काही उरत नव्हते.

"लिंबोणीला थोडे कमी देऊ आणि पेरूला थोडे देऊ," मी म्हणालो.

"अर्ध्या पाण्यात दोन्ही झाडे जातील," आजी म्हणाली. "लिंबोणी तुझ्याएवढी आहे, बारा वर्षांची. गावात कोणाला ऊन लागले की लिंबू मागायला माणसे आपल्याकडे येतात. पण पेरू तुझा आहे. कोणते झाड ठेवायचे, ते तू ठरव."

त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत मी परसात बसून राहिलो. नंतर मी उठलो आणि बादली लिंबोणीकडे नेली. आजीने दाखविल्याप्रमाणे प्रथम आळ्यातील भेगा मातीने बुजविल्या, खोडापासून हातभर दूर हळूहळू पाणी घातले आणि वर पालापाचोळ्याचा जाड थर पसरला. पुढील आठवड्यात पेरूची पाने गळून पडली. तीही मी त्या थरात घातली.

लिंबोणी जगली. शेवग्याच्या शेंगा व पाला यांनी कित्येकदा आमच्या मिलोच्या भाकरीला कोरड्यास दिले. १९७३ च्या पावसाळ्यात जमीन पुन्हा हिरवी झाली. मोगरा मुळापासून फुटला, पण पेरू काही फुटला नाही. आजीने नवे रोप आणले आणि मला विचारले, "आता हे कोठे लावशील?" मी दूरच्या कोपऱ्याकडे पाहिलेदेखील नाही. जेथे न्हाणीचे पाणी आपोआप वाहत येते, त्या जागी मी खड्डा खणला.

मुलांनो, परसबागेच्या रचनेचे पहिले सूत्र हेच. प्रथम पाणी मोजावे, मग झाडे मोजावी. आणि जेथे पाणी जाते तेथे झाड लावावे. झाडापर्यंत रोज पाणी वाहून नेण्याची पाळी येऊ देऊ नये. मोरीच्या तोंडाशी केळ, कर्दळ व अळू लावावे. त्यांना ओल मानवते. मात्र साबणाचे किंवा सोड्याचे दाट पाणी भाजीच्या वाफ्यात जाऊ देऊ नये. कच्ची खावयाची कोथिंबीर, मेथी अशा पालेभाज्यांना स्वच्छ पाणीच द्यावे. सांडपाण्याचे डबकेही साचू देऊ नये, नाही तर परसात फुलांआधी डास येतील.

दुसरे सूत्र उन्हाचे. आपल्याकडे दुपारनंतरचे पश्चिमेचे ऊन घराला व बागेला सर्वांत अधिक तापविते. म्हणून शेवग्यासारखे उंच झाड पश्चिमेच्या बाजूस लावावे. गिलके, दोडके, वाल यांचे वेल मांडवावर चढविले, तर भाजीही मिळते आणि खालच्या रोपांना सावलीही लाभते. वांगी, भेंडी, गवार यांना भरपूर ऊन हवे असते. त्यांना मोकळी जागा द्यावी. पुदिना व अळू यांना मात्र निम्मी सावली चालते. वड, पिंपळ, उंबर यांसारखी मोठी झाडे भिंतीपाशी कधीही लावू नयेत. त्यांची मुळे भिंतीत शिरतात.

तिसरे सूत्र मातीचे. काळी माती भिजली म्हणजे फुगते आणि वाळली म्हणजे आक्रसून तिला भेगा पडतात. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचून रोपांची मुळे कुजतात. म्हणून तेव्हा भाजीसाठी उंच गादीवाफे करावे. उन्हाळ्यात वरचेवर खुरपून भेगा बुजवाव्या आणि आळ्यात पालापाचोळा पसरावा. या आच्छादनामुळे उन्हाची झळ मातीस थेट लागत नाही आणि ओल टिकते. पुढे हाच पाला कुजून त्याचे खत होते. पाणी नेहमी सकाळी लवकर किंवा सायंकाळी द्यावे. भर दुपारी दिलेले पाणी वाफ होऊन उडून जाते.

थोड्या पाण्यात झाड जगविण्याची आणखी एक सोपी युक्ती आहे. न भाजलेले नव्हे, तर नीट भाजलेले, पण रंग अथवा झिलई न दिलेले मातीचे मडके घ्यावे. ते झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे आणि वर झाकण ठेवावे. मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी झिरपते. भोवतालची माती कोरडी असली की ती अधिक पाणी ओढून घेते. ओली असली की झिरपणे मंदावते. म्हणजे झाडाला हवे तेवढेच पाणी, आणि तेही मुळांपाशी मिळते. चीनमध्ये इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात फान शंगची याने शेतीवर लिहिलेल्या ग्रंथात या पुरलेल्या मडक्यांचे वर्णन आहे. आज खानदेशातील केळीच्या बागांत ठिबक सिंचनाच्या काळ्या नळ्या दिसतात. थेंबाथेंबाने मुळांपाशी पाणी देणे हेच त्यांचेही तत्त्व.

पावसाचाही हिशेब करून पाहा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी होते. तुमच्या घराचे छप्पर पाच मीटर लांब व चार मीटर रुंद असेल आणि वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडत असेल, तर त्या छपरावर १०,००० लिटर पाणी पडते! त्यातील काही उडून वा सांडून जाईल. तरी पहिल्या पावसाने छप्पर धुऊन निघाल्यावर पुढचे पाणी पन्हळीने टाक्यात घ्यावे, किंवा परसातील शोषखड्ड्यात जिरवावे. जमिनीत जिरलेले पाणी आपल्या दृष्टीआड होते, पण ते वाया जात नाही.

माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. तिचा हिशेब तिने कोठून शिकला असेल, असे मला पुढे वाटे. मोठेपणी मी आमच्या भागातील फड पद्धतीचा अभ्यास केला, तेव्हा मला उलगडा झाला. धुळे व नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम इत्यादी नद्यांवर शेकडो वर्षांपूर्वी बंधारे घालून पाटांनी पाणी नेलेले आहे. पाण्याखालील जमिनीचे मोठे भाग पाडीत. त्या भागांना फड म्हणत. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे आणि पाटकऱ्याने प्रत्येकाला पाळीपाळीने पाणी द्यावयाचे, असा नियम असे. शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विभागलेली असे. पाणी अपुरे पडले की सर्वांनी मिळून एखादा फड त्या वर्षी कोरडा ठेवावयाचा, म्हणजे बाकीचे पीक हाती लागे आणि तोटा एकट्यादुकट्यावर पडत नसे. आता ही पद्धत पुष्कळ ठिकाणी मोडली आहे. परंतु नदीच्या पाण्याचा जो न्याय गावाने पाळला, तोच न्याय माझ्या आजीने परसातील दोन बादल्यांना लावला होता.

आज आजी नाही, आणि धाब्याचे ते घरही राहिले नाही. ती लिंबोणी मात्र पुढे पुष्कळ वर्षे फळे देत होती. आता मी शहरात राहतो. माझे परस म्हणजे दहा पावलांची जागा; तेथे एक पेरू आहे आणि तो मोरीच्या पाण्यावर वाढला आहे. तुमच्या घरी मोठे परस नसेल, तर वाळवणाची गच्ची असेल. गच्ची नसेल, तर खिडकीत ठेवण्याजोगी एक कुंडी तरी असेल. तेवढीही जागा पुरे आहे. रोप आणण्यापूर्वी एक दिवस बादली घेऊन बसा आणि आपल्या घरात वापरलेले पाणी किती उरते, ते मोजा. ज्या मुलाला पाणी मोजता आले, त्याच्या हातचे झाड सहसा मरत नाही.

स्वाध्याय

१. लेखकाने पेरूला घातलेले पाणी वाया का गेले? दोन कारणे सांगा.
२. आई काही बोलली नाही, तरी लेखकाला अधिक वाईट का वाटले?
३. 'अर्ध्या पाण्यात दोन्ही झाडे जातील,' या आजीच्या म्हणण्याचा फड पद्धतीतील नियमाशी काय संबंध आहे, तो स्पष्ट करा.
४. तुमच्या घराच्या छपराची लांबी-रुंदी मोजा आणि त्यावर वर्षाला किती लिटर पाणी पडते, याचा हिशेब मांडा.
५. तुमच्या परसाचा, अंगणाचा किंवा गच्चीचा नकाशा काढा. त्यात पश्चिम दिशा व मोरीच्या पाण्याची वाट दाखवून, कोणते झाड कोठे लावाल ते कारणांसह लिहा.
६. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : काटक, आच्छादन, पाळीपाळीने, माना टाकणे, दगा देणे.